किल्ली मागायची नाही

भात पोटरीला आलं, कणीस पानाच्या पोटात फुगलं, की आमच्या कर्जत-खालापूरकडची माणसं फार मोकळेपणानं बोलायला लागतात. कर्जतहून चौकच्या बाजूला शाळेत येताना मी एका टपरीवर चहाला थांबतो. गणपती गेलेले असतात, बांधावरचं गवत कमरेएवढं झालेलं असतं आणि टपरीवर एकच विषय चालू असतो.

"पोटरी फुटली का रं?"

"फुटली नं. चार दिसांत निसवंल."

"आमचं गरवं हाय. अजून गाभातच हाय."

मग कुणीतरी खिशातली लोंबी काढून दाणा दाताखाली धरतो आणि जाहीर करतो, "दूध भरलंय." पोट, गाभ, निसवणं, दूध. बाईच्या अंगाचे सगळे शब्द भाताला लावून माणसं चारचौघांत, पोराबाळांसमोर, बशीत चहा ओतता ओतता बोलतात. कुणाची मान खाली जात नाही. कुणी इकडेतिकडे बघत नाही.

यंदा त्याच टपरीवर एका गृहस्थांनी मला विचारलं, "सर, तुमी पोरांना घान शिकवता म्हनं?"

मी म्हटलं, "हो. तुम्ही आत्ता बोलत होतात तेच."

ते हसले नाहीत. मीही हसलो नाही.

मी विज्ञान शिकवतो. दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. आधी फुलाचं प्रजनन, मग माणसाचं. नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मी फुलाशीच थांबलो. फूल मी फार सुंदर काढायचो. पुंकेसर पिवळ्या खडूनं, स्त्रीकेसर लाल खडूनं, तळाशी फुगीर अंडाशय, त्यात बीजांडं. मुलांच्या वहीतही तसंच उतरलं पाहिजे असा आग्रह. आणि पुढचं पान आलं की, "हे घरी वाचा." वर्गात खाली मान घालून खुसखूस व्हायची, मी डस्टर आपटायचो, घंटा व्हायची. घरी कुणी वाचलं असेल असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. अंडाशय हा शब्द फुलाच्या पानावर चालतो, बाईच्या पानावर चालत नाही, एवढंच मी त्या मुलांना प्रत्यक्षात शिकवत होतो.

आता सगळा धडा शिकवतो. मुलगे-मुली एकत्र बसवून, दार-खिडक्या उघड्या ठेवून, नेहमीच्याच आवाजात. पाळी म्हणजे काय, ती विटाळ का नाही, मुलगा की मुलगी हे कशानं ठरतं, कुणाच्याही अंगाला हात लावण्याआधी विचारायचं म्हणजे नेमकं काय करायचं, नाही म्हटल्यावर नाही म्हणजे काय. पहिल्या दिवशी मुलं लाजतात. दुसऱ्या दिवशी विचारतात. तिसऱ्या दिवशी भांडतात. धडा अंगी लागल्याची खूण मी तीच धरतो.

तर यंदाचं भांडण एका मुलीच्या घरात झालं. त्या चौघी बहिणी. जेवताना आजीनं नेहमीप्रमाणे सुनेला टोमणा मारला, आणि ही ताटावरून म्हणाली, "आजी, पोरगा का पोरगी ते आईवर नसतं गं. बाबांवर असतं." आजीचा घास हातात राहिला. बाप म्हणाला, "म्हंजे माजा दोष काय?" तर ही म्हणते, "दोष कसला? पोरगी म्हंजे रोग हाय का?" हे सगळं तिनंच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, गालावर बोटांच्या खुणा होत्या त्यासकट. आठवड्याभरात शाळेत अर्ज आला. खाली चौदा सह्या. अर्जात म्हटलं होतं, हा धडा मुलींना वेगळं बसवून बाईंनी शिकवावा, मुलग्यांना त्याची गरज नाही, आणि सरांना समज द्यावी.

सभा दिवाळीच्या सुट्टीनंतर ठरली. म्हणजे ऐन कापणी-झोडणीत.

हे दिवस मला आवडत नाहीत. सगळ्यांना आवडतात. सकाळी दवानं ओली वाट, कापलेल्या भाताचा तो गोडसर कोरडा वास, अंगाला चिकटणारी कुसं, पेंढ्याचे भारे डोक्यावर घेऊन बांधावरून एकामागे एक चाललेल्या बायका, त्यांचे चेहरे दिसत नाहीत, नुसते भारे चालल्यासारखे वाटतात. आणि झोडणीचा आवाज. पेंडी उचलून फळीवर आपटायची, धप्प. पुन्हा, धप्प. पूर्वी शाळेच्या तिन्ही बाजूंनी शेतं होती, तेव्हा हा आवाज वर्गात दिवसभर यायचा आणि मी त्याच्यावर आवाज चढवून शिकवायचो. आता दोन बाजूंना फार्महाऊसच्या भिंती आल्या आहेत, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे मळणीचं यंत्र येतं. एकच खळं अजून हातानं झोडतं. धप्प आवाज आला की माझा खडू क्षणभर थांबतो. मुलांना वाटतं, सर आठवतायत. खरं आहे, आठवतच असतो.

मला इथे लागून दुसरं वर्ष होतं. वय सव्वीस. टापटिपीची फार हौस. शाळेत मुलींसाठी एकच मुतारी होती, तिच्या दाराला कडी बाहेरूनच होती आणि कुणीही येऊन घाण करायचं. मी पुढाकार घेतला. कुलूप आणलं. किल्ली हरवू नये म्हणून विटेएवढा लाकडाचा ठोकळा तासून घेतला, त्याला किल्ली बांधली, आणि ठोकळ्यावर लाल ऑइलपेंटनं झोकदार अक्षरात लिहिलं, 'मुली'. ठोकळा वर्गशिक्षकाच्या टेबलावर. ज्या मुलीला जायचं असेल तिनं उठावं, पुढे यावं, किल्ली मागावी, तो लाल अक्षरांचा ठोकळा हातात धरून सगळ्या मैदानातून जावं आणि तसाच परत आणून ठेवावा. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. मुलगे त्या ठोकळ्याला 'पाटी' म्हणायचे. "पाटी चालली रं!" असं मागच्या बाकावरून व्हायचं. मी दटावायचो. ठोकळा लहान करावा, हे काही सुचलं नाही. कडी आतून बसवता येते हे तर सुचायला मला पुढं कितीतरी वर्षं लागली.

त्या वर्षी माझ्या दहावीच्या वर्गात रंजना होती. वडील खोपोलीला कारखान्यात पाळीवर जायचे आणि उरलेल्या वेळात शेत करायचे. कामाच्या वेळेलाही पाळीच म्हणतात, तो शब्द मात्र घरात बेधडक चालायचा. रंजना अभ्यासात बरी, बोलण्यात तिखट. बोर्डाचा फॉर्म भरून झाला होता.

पुढची गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. शिक्षकांच्या शिबिरात, पालकांच्या सभेत. ती अशी सांगतो.

कापणीच्या दिवसांत एकदा वर्गात रंजनाची पाळी आली. किल्ली मागायला ती लाजली. तास तसाच बसून काढला, मधल्या सुट्टीत दप्तर पाठीमागे धरून घरी निघाली. घराची वाट त्यांच्याच खळ्याला लागून. खळं शेणानं सारवलेलं, मधोमध भाताची रास, राशीवर नारळ ठेवलेला. वाटेत भारे पडले होते म्हणून ती खळ्याच्या कोपऱ्यावरून गेली. काकूनं फ्रॉकवरचा डाग पाहिला आणि ओरडली, "अगो, रास विटाळली!" त्याच संध्याकाळी बोरघाटाच्या अंगानं ढग उतरले आणि अवकाळी पाऊस पडला. रास भिजली. चार दिवसांत दाण्यांना मोड आले.

मी तिसऱ्या दिवशी तिच्या घरी चौकशीला गेलो. वडील अंगणात पसरलेलं ओलं भात पायानं परतत होते. ओल्या भाताला आंबूस वास येतो, तो अजून माझ्या नाकात आहे. ते म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेली मानसं. तुमीच सांगा. पोरगी खळ्यावं चढली आन त्याच सांजच्याला पानी पडला. आता काय म्हनू मी?"

ते खरंच विचारत होते. मला आज कळतं, त्या माणसाला कुणीतरी 'नाही' म्हणायला हवं होतं. आठवड्यापूर्वीच मी वर्गात ढग कसे तयार होतात ते शिकवलं होतं. दोन वाक्यं पुरली असती. दाराआड रंजना उभी होती, तिची सावली उंबऱ्यावर दिसत होती. मी चहा प्यायलो आणि म्हणालो, "पाऊस या वर्षी विचित्रच आहे." आणि निघालो.

ती पुन्हा शाळेत आली नाही. परीक्षेला तिचा बाक रिकामा होता. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं.

शिबिरात ही गोष्ट इथे संपते. लोक गप्प होतात. एकदा एका बाईंनी डोळे पुसले होते. मला ते आवडलं होतं, हेही लिहून टाकतो.

सभा दुपारी झाली. शेतावरून माणसं तशीच आली होती, केसांत पेंढ्याच्या काड्या, पायाला सुकलेला चिखल. अध्यक्ष संतोष. माझाच विद्यार्थी, रंजनाच्याच वर्गातला. आता हायवेला त्याचं गॅरेज आहे, शाळेच्या पंख्यांना पैसे त्यानंच दिले. वाईट माणूस नाही. अर्ज त्यानं वाचून दाखवला, 'लैंगिक' या शब्दाशी अडखळला आणि तो गाळून पुढे गेला.

मुख्याध्यापक मला हळूच म्हणाले, "सर, दोन तासांचा तर प्रश्न आहे. बाईंना सांगू. मुलगे त्या वेळेत खेळतील."

मी उभा राहिलो. म्हटलं, मुलगे खेळणार नाहीत. नोटीस द्यायची तर द्या, लेखी उत्तर देईन. धडा सरकारनं छापलाय, मी चोरून आणलेला नाही. तुम्ही भाताची पोटरी मुलांसमोर सोलून बघता, गाय गाभण आहे का ते मुलाला धरायला लावून बघता, आणि स्वतःच्या मुलीला मात्र चार दिवस का दुखतं हे मुलानं ऐकलं की त्याचे संस्कार बिघडतात? मग मी माझी ती गोष्ट सांगितली. नाव न घेता, नेहमीसारखी. 'ती लाजली' इथे आवाज जरा खाली आणला, तोही नेहमीसारखा.

मागच्या बाकावरून एक बाई उठली. डोक्याचा फडका सोडला, काड्या झटकल्या. चौकला ढाब्यावर भाकऱ्या करते, सध्या सुट्टी काढून कापणीला. मी ओळखलं तोवर ती बोलायला लागली होती.

"सर, थोडं चुकतंय तुमचं. ती मीच. रंजना."

ती म्हणाली, "मी लाजले नव्हते. मी किल्ली मागितली व्हती. दोनदा."



"पयल्यांदा तुमी म्हनलात, आताच का? दुसऱ्यांदा म्हनलात, किल्ली काय पळून जाते का, तास संपू दे. सगळी हसली. ह्यो संतोष पन हसला. काय रं?"

"मला नाय आठवत," संतोष कागदाकडे बघत म्हणाला.

"तुला कशाला आठवंल. तुला काय धुवायला लागलं नाय." दोन-तीन बायका हसल्या, पदर तोंडाला लावून. रंजना नाही हसली. "तुमी फळ्यावं फूल काढत व्हतात, सर. लाल खडूनं. ते अर्धं ऱ्हाईल म्हनून तुमी मला बसवलीत. आन तुमी सांगता काय, तर पोरगी लाजली. आमी लाजतो म्हनून आमचं वाटोळं झालं, असं तुमी गावोगाव सांगता. मागितलेली दिली नाय, ते सांगा."

मी विसरलो होतो असं म्हणणं सोपं आहे. विसरलो नव्हतो. आमच्याकडे पाळीतल्या बाईला बाजूला बसवतात, म्हणजे ती घरातच असते, दिसत असते, पण तिला कुणी शिवत नाही. तसं मी ते बाजूला बसवलं होतं. पंचवीस वर्षं मी त्याला शिवलो नाही. त्याच्या जागी एक बरा दिसणारा अपराध पुढे केला, गप्प राहिल्याचा. गप्प राहिलेल्या माणसाची लोकांना दया येते. नाही म्हणणाऱ्याची येत नाही.

मी सभेत म्हटलं, "तिचं खरं आहे." एवढंच म्हटलं. क्षमा मागायला तोंड उघडलं होतं, पण तिनं हात हलवून थांबवलं, माशी वारावी तसा.

"ते ऱ्हाऊ द्या. माजा पोरगा तुमच्याकडं दहावीला हाय. त्याला शिकवा. पोरींसंगं बसवून शिकवा. पोरींना बाजूला नेऊन काय सांगनार तुमी? त्यांचं त्यांना दुखतं, त्यांना कळतंच. हसनाऱ्याला कळाया पायजे." मग संतोषकडे वळून, "आन अर्ज करायचा तर कर. माज्यापन सह्या आनते मी. चौदा काय, खळ्यावं आत्ता ईस बाया हायेत."

"बस गं, बस," संतोष म्हणाला. "पुढच्या सभेत बघू." अर्ज फाइलला लागला. तो अजून तिथेच आहे, मागे घेतलेला नाही. मुख्याध्यापकांनी मला लेखी खुलासा मागितला आहे. तो मी लिहिला, एका ओळीत: धडा पूर्ण शिकवला जाईल.

आणि हे दुसरं लिहितो आहे, कारण त्या एका ओळीत माझं काही आलं नाही. मला माफी नको आहे. ती मागणं म्हणजे पुन्हा तिच्याचकडे काही मागणं. ज्यांना मी भ्रष्ट वाटतो त्यांना वाटो. मुलांना मी ज्ञान दिल्यानं काही बिघडलेलं मला आठवत नाही, जे बिघडलं ते मी न दिल्यानं बिघडलं. एक किल्ली, एक वाक्य. भिजलेली रास त्या घरानं पुढच्या वर्षी भरून काढली. तो बाक भरून निघाला नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी दहावीचा तास होता. टेबलाच्या खणातून मी ठोकळा काढून वर ठेवला. लाल रंग उडालाय, 'मु' राहिलंय, 'ली' नुसती ओरखड्यांत दिसते. कुलूप केव्हाच काढून टाकलं, आतून कडी बसवली, ठोकळा मात्र टाकवला नव्हता. मुलांना गोष्ट सांगितली. या वेळी किल्ली दोनदा मागितली गेली, दोनदा नाकारली गेली, आणि माझं वाक्य मी जसंच्या तसं, त्याच सुरात म्हणून दाखवलं. ते म्हणताना मला स्वतःचा सव्वीस वर्षांचा आवाज ऐकू आला. हुशार, टापटीप आवाज.

मग धडा पुन्हा पहिल्यापासून घ्यायला फळ्याकडे वळलो. लांबून त्या एका खळ्यावरून झोडणी ऐकू येत होती. धप्प. धप्प. फूल अर्धं झालं होतं, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उठून उभी राहिली.

"सर, जाऊ?"

म्हणजे कुलूप गेलं तरी विचारणं गेलं नव्हतं. खडू खाली ठेवला. "विचारायचं नाही," मी म्हटलं. "कुणीच. उठायचं आणि जायचं."

ती निघाली. मागच्या बाकावरून फिस्सकन हसू आलं. सगळ्यांच्या माना वळल्या. हसला तो रंजनाचा मुलगा होता.

त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. तो आदल्या दिवशी सभेच्या खिडकीत होता, मी पाहिलं होतं. मला राग आला, मग राग येण्याचा हक्क माझा नाही हे आठवलं. हे हसू त्यानं कुठून आणलं? ते याच भिंतींत, याच फळ्यासमोर, माझ्याच एका वाक्यावर पहिल्यांदा पिकलं होतं. बियाणं माझं.

"इकडे ये," मी म्हटलं. "मारणार नाही. ये."

तो आला. मी त्याच्या हातात लाल खडू दिला. "अंडाशय काढ. नाव लिही आणि मोठ्यानं वाच."

तो फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. डावीकडे माझं अर्धं फूल, उजवीकडे मोकळा फळा. मग मान न वळवता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, त्यानं विचारलं,

"सर, फुलाचं काढू का बाईचं?"

वर्गात कुणी हसलं नाही. ती मुलगी तोवर मैदान ओलांडून गेली होती, रिकाम्या हातांनी.

"नाव एकच आहे," मी म्हटलं. "काढ."